लग्नाच्या दिवशीचे ट्रेलर

फ्रीमन: थांबा, गोटी कुठं जाते ते बघू द्या... गेली! ओट्यापाशी सोडली आणि पार पलंगाखाली जाऊन बसली.

ड्वेन: म्हातारबुवा, ट्रेलर उतारावर उभा आहे. गोटी घरंगळणारच.

फ्रीमन: पाणसळ आधीच लावलीय. जमीन सरळ आहे. वाकडं आहे ते आत.

ड्वेन: लोरेटा, कुठून शोधून आणलंस हे रत्न?

लोरेटा: चर्चमधल्या बायकांनी नाव सांगितलं. बत्तीस वर्षं ह्यांनी इथल्या कारखान्यात असली गाडीमागं ओढायची घरं, हे ट्रेलर, जोडलेत. एकदा सही केली की ट्रेलर आपला आणि त्याची दुखणीही आपली, म्हणून आधी ह्यांना दाखव म्हणाल्या.

ड्वेन: अगं, कोरा करकरीत आहे! गादीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नाही अजून. आणि हे गृहस्थ तीन तास स्क्रू मोजताहेत.

फ्रीमन: मोजायला स्क्रू असते तर वेळ गेला असता. नाहीत ते मोजतोय. ह्या कपाटाच्या बिजागरीला भोकं चार, स्क्रू दोन. खिडकीला खालच्या बाजूनं रबर आहे, वरच्या बाजूला नुसता देवावर भरवसा.

लोरेटा: म्हणजे गळणार?

फ्रीमन: हे काहीच नाही, बाई. माझ्या तरुणपणी आम्ही इतक्या घाईनं जोडायचो की लेव्ही नावाचा एक जण भिंतीच्या आतच राहिला. जेवायला आला नाही तेव्हा आमच्या लक्षात आलं. तोवर ट्रेलर ओहायोत पोचलेला. तिथली मालकीण सहा महिने फटीतून त्याला पाव देत होती. कंटाळून त्यानं आतून सगळी गळती बुजवली. बत्तीस वर्षांत त्या एका ट्रेलरची तक्रार आली नाही.

ड्वेन: तुमच्या आमिश पंथातले जुन्या वळणाचे लोक खोटं बोलत नाहीत असं ऐकून होतो.

फ्रीमन: म्हणून तर मला पंथाबाहेर काढलं.

लोरेटा: ड्वेन, खिडकी उघड ना जरा. डोकं जड झालंय.

ड्वेन: सकाळपासून घर रिकामं करतेयस, होणारच. मलाही झोप येतेय. आता एकदा ही तपासणी संपली, की दुकानातल्या टकरच्या कागदावर सही ठोकायची, ह्या पलंगावर पडायचं आणि उद्या उजाडताच टेक्सास. खिडकी राहू दे. रात्री पहिलं दंव पडणार आहे, हीटरची ऊब कशी छान भरलीय बघ.

फ्रीमन: हीटर लावून किती वेळ झाला?

ड्वेन: तुम्हीच लावायला सांगितलात. झाला असेल अर्धा तास.

फ्रीमन: आणि इथं भिंतीवर हा चौकोनी डाग कसला? इथं गॅसचा अलार्म असतो.

ड्वेन: हो, टकर बोलला मला. विकायला बसलेला माणूस, पण पोरगा सरळ आहे. म्हणाला, दुरुस्तीवाल्यांनी तो काढलाय. सारखा वाजायचा म्हणे. नवा मागवलाय, टेक्सासच्या पत्त्यावर पाठवतील.

फ्रीमन: सारखा वाजायचा.

ड्वेन: बिघडलेला होता, दुसरं काय.

लोरेटा: हा बघा, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. फडक्यात गुंडाळून ठेवलाय. सेल काढलेत ह्यातले.

फ्रीमन: हे घ्या, माझ्या बॅटरीतले घाला. उलटे नाही, असे. आता दोघंही दाराकडे चला. पर्स राहू द्या, बाई. चला म्हणतो ना!

(अलार्म किंचाळू लागतो. तो लोरेटाच्या हातातच आहे. तिघंही ट्रेलरमधून उतरून मोकळ्यावर येतात.)

ड्वेन: कानठळ्या बसल्या! टकर म्हणत होता तेच. बिघडलाय तो.

लोरेटा: ड्वेन, अजून माझ्या हातातच आहे. गप्प झालाय.

फ्रीमन: बिघडलेला अलार्म हवा बघून गप्प होत नाही. इकडे या, हे बाहेरचं झाकण काढतो. हा हीटरचा धूर सोडणारा पाईप. चार स्क्रूंवर बसायला हवा, एकावर लोंबकळतोय. धूर बाहेर पडायचा तो पलंगाखाली सुटतोय.

लोरेटा: पण वास कसा नाही आला?

फ्रीमन: ह्यातल्या विषारी वायूला वास नसतो. माणसाला नुसती झोप येते.

ड्वेन: बरं, मग तीन स्क्रू! टकरचा माणूस पाच मिनिटांत मारून देईल. एवढं घाबरवायचं काय त्यात?

लोरेटा: आणि बाकीचं? भिंतीच्या आत काय आहे ते कोण बघणार?

ड्वेन: लोरेटा, घराच्या किल्ल्या आपण सकाळी दुसऱ्याच्या हातात दिल्या. पलंग विकला, टेबल विकलं, आईची शिवणाची मशीनसुद्धा विकली. आता हेच आपलं घर. सही नाही केली तर रात्री कुठं टेकायचं? आणि कुणाच्या सांगण्यावरून? भिंतीत माणूस चिणला गेला म्हणणाऱ्याच्या? ह्यानंच तो पाईप सैल केला असेल, फुशारकीसाठी.

लोरेटा: फ्रीमन, खरं सांगा. लेव्हीसारखं नको.

फ्रीमन: तो ड्रॉवर तुम्ही पार बाहेर ओढलात. मागच्या फळीवर पेन्सिलीनं काही लिहिलेलं दिसलं?

लोरेटा: अठरा मे. आणि खाली घोड्याचा नाल काढलाय.

फ्रीमन: नाल काढतो तो माझा पुतण्या, मर्ल. कारखान्यात त्याच्या हाताखाली सगळी आमचीच पोरं. दिवसाचा आकडा ठरलेला असतो. तो पुरा झाला की घरी जायचं, मग बारा वाजोत की तीन. अठरा मे म्हणजे गुरुवार. त्या दिवशी मर्लच्या मुलीचं लग्न होतं. आमच्यात लग्न सकाळीच लागतं आणि एकही माणूस घरी राहत नाही. आकडा तर पुरा करायचाच. पोरं पहाटे दोनला कामावर आली आणि आठच्या आत हात धुऊन मोकळी झाली.

ड्वेन: तुम्हाला काय माहीत?

फ्रीमन: जेवायला होतो मी. बाहेर काढलेला म्हणून मला वेगळ्या टेबलावर बसवतात, भिंतीकडे तोंड करून. पण कान काही वेगळे बसवता येत नाहीत. मर्ल मागून ओरडला, "फ्रीमनकाका, आज सोळा केले, तुमचा विक्रम मोडला!" सगळे हसले.

लोरेटा: आणि तुम्ही?

फ्रीमन: मीही हसलो. अजून थोडं चिकन वाढून घेतलं.

ड्वेन: मग?

फ्रीमन: मग काही नाही. एवढंच.

लोरेटा: ड्वेन, ह्या गोष्टीत भिंतीत कुणी अडकलं नाही.

ड्वेन: कळलं मला. ठीक आहे. हा नको. टकर म्हणाला होता, शेजारी अगदी तसाच दुसरा उभा आहे, हवा तर तो घ्या.

फ्रीमन: सकाळी तुमची वाट बघता बघता त्याच्यातही डोकावलो होतो. चमच्यांच्या ड्रॉवरमागे नाल आहे.

लोरेटा: मी सही करत नाही. गाडीत झोपू आज. मागच्या सीटवर तुझ्या आईची गोधडी आहे, ती तेवढी नाही विकली मी.

ड्वेन: लोरेटा, दंव पडणार आहे.

लोरेटा: पडू दे. कुडकुडत का होईना, सकाळी जागे तर होऊ. फ्रीमन, सोळा म्हणालात ना? दोन इथं आहेत. बाकीचे?

ड्वेन: ते... टकर मघाशी मोठ्या ऐटीत सांगत होता. ह्याच खेपेतले चौदा आपल्याकडूनच गेले म्हणाला, जून संपायच्या आत.

लोरेटा: मग त्याच्याकडे यादी असेल. जा, उठव त्याला खुर्चीतून. सगळ्यांना फोन करायला सांग, आत्ताच्या आत्ता.

ड्वेन: जातो. पण तो म्हणत होता, पाच महिने झाले, चौदांतल्या एकाचीही तक्रार नाही.

फ्रीमन: उन्हाळ्यात हीटर कोण लावतं?