गोळी पोटात गेलेला उंदीर

अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात शिंपीकाका वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको दबक्या आवाजात बोलत होते.

“सकाळी अ‍ॅलर्जीची गोळी घेतलीस ना?” नवऱ्यानं विचारलं. “पाकीट रिकामं दिसलं.”

“हळू बोल. चाचणीसाठी टोचल्यावर हातावर उंदराच्या अ‍ॅलर्जीचा चट्टा उठला, की प्रयोगशाळेतून माझी उचलबांगडी ठरलेली. बारा वर्षं उंदीर सांभाळलेत मी.”

“परवा पिंजरे साफ करताना तुला धाप लागली होती.”

“धुळीनं लागली.”

“कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात म्हणून उंदराला चट्टा येतो, आणि गोळी तो दाबते, हे तूच सांगतेस ना मला?”

“उंदरांचं वेगळं.”

“मग गेल्या महिन्यात चुकून गोळी पोटात गेलेला उंदीर प्रयोगाच्या मोजणीतून का काढलास? तीन आठवडे पुन्हा राबलीस.”

“उंदराला नोकरी टिकवायची नसते रे.”

“मला बायको टिकवायची आहे.”

तेवढ्यात नर्स दारात आली.

“चला, बाही वर घ्या. पाच दिवसांत अ‍ॅलर्जीची गोळी घेतली नाही ना?”

नवरा फरशीकडे बघत राहिला. शिंपीकाकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

बायकोनं वर सारलेली बाही पुन्हा मनगटापर्यंत ओढली.

“घेतलीय,” ती म्हणाली. “आज मोजू नका.”