काकांच्या गळ्यातला टेप

काकांना चित्र दाखवायची चूक मीच केली. अ‍ॅनिमेशनच्या परीक्षेला दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या रिकाम्या दुकानाचं चित्र द्यायचं होतं. माणूस न काढता, नुसत्या पार्श्वभूमीतूनच गोष्ट कळायला हवी. माझे काका हिनकल गावात कपडे शिवतात. दुपारी जेवायला घरी आले होते.

"ह्यात माणूस कुठाय गं?"

"जेवायला गेलाय, काका. वस्तूंवरून कळतं ते. तुम्हाला नाही कळणार."

त्यांनी चष्मा लावला आणि चित्रातल्या खुंटीवरच्या मापाच्या टेपवर बोट ठेवलं.

"अय्यो, टेप काढून ठेवलाय? मग हा शिंपी मेलाय की."

मी वाद घालायला मान वर केली. काकांच्या गळ्यातल्या टेपचं टोक सांबारात बुडायला आलं होतं.

मी गुपचूप खुंटीवरचा टेप खोडला.

"हां," काका म्हणाले, "आता जेवू दे बापड्याला."