आपोआप

दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. तापानं मलूल झालेल्या लेकीला मांडीवर घेऊन ती बसली होती. शेजारच्या खुर्चीत एक शिक्षिका मोबाइल समोर धरून शाळेचा ऑनलाइन तास घेत होत्या. इअरफोन घरी विसरला म्हणून त्यांनी आधीच माफी मागितली होती, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“तर बातमी काय आहे? दुकानातल्या कॅमेऱ्यानं एका काळ्या माणसाला चोर ठरवलं आणि त्याला दारातच अडवलं. त्यानं काही चोरलं होतं का?”

“नाही, बाई.”

“मग चूक कोणाची?”

“कुणाचीच नाही. मालक म्हणाला ना, मशीन आपोआप ठरवतं.”

“आपोआप काही होत नसतं, राजा. कोणता चेहरा चांगला, कोणता वाईट, हे मशीनला माणसानंच शिकवलेलं असतं.”

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“आज तुम्ही वेगळ्याच दिसताय. रोज गोऱ्या असता.”

“ए, गप ना! काहीही काय विचारतोस?” वर्गातली एक मुलगी मध्येच म्हणाली.

“तूच म्हणालीस ना मघाशी!”

“अरे, भांडू नका. आज मोबाइलवरून बोलतेय ना मी. घरच्या कॉम्प्युटरवर जरा उजळ दिसतं.”

“म्हणजे तुम्ही तसं सेटिंग लावून ठेवलंय?”

“मी कशाला लावू? ते आपोआपच होतं.”

लेकीला खांद्यावर घेता घेता तिनं चोरून शेजारी पाहिलं. शिक्षिका मोबाइल जरा लांब धरून स्वतःलाच बघत होत्या.

“हॅलो? माझा आवाज येतोय ना?”

“येतोय, बाई.”

“मग वहीत लिहा की उत्तर, चूक कोणाची ते.”

“काय लिहू, बाई? आपोआप होतं, की नाही होत?”