आजोबांची छाती, जावईबापूंचं तोंड

...आणि वर मलाच विचारतात, "याचा जबडा कुणी मोडला?" आता तुम्हीच सांगा, कोण मोडणार? मी? मी दिवसभर त्या खोलीचा कोपरा धरून बसलेला असतो, हातात स्क्रूड्रायव्हर, मांडीवर रबर चिकटवायचं सोल्यूशन, आणि समोर नर्सिंगच्या पोरापोरींची झुंड त्या पुतळ्यावर तुटून पडलेली असते. एक जण छाती दाबतोय, दुसरी तोंडात नळी खुपसतेय, तिसरा त्याच वेळी बाजूच्या सुट्या रबरी हातात सुई टोचतोय... अरे माणूस आहे का उशी? म्हणजे माणूस नाहीच तो, शिकायचा पुतळा आहे, मान्य. पण शिकायचा म्हणजे शिकायचा ना, सूड उगवायचा नाही! खऱ्या माणसाला असं केलं तर तो ओरडेल, लाथ मारेल, अगदीच नाही तर चार नातेवाईक गोळा करेल. हा मुकाट मोडतो. आणि निस्तरायचं कुणी? तुम्हाला सांगतो, जिवंत माणूस परवडला.

हो, मी पुतळे दुरुस्त करतो. असतं असं काम. हसू नका. माझी आई शेजारच्या काकूंना अभिमानानं सांगते, "आमचा मुलगा हॉस्पिटलच्या कॉलेजात असतो," आणि काकू काळजीनं विचारतात, "अगंबाई, काय झालं त्याला?"

मला चारचौघांत बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आत्ता बोलतोय ते सोडा, आत्ता डोकं फिरलंय. शाळेत उभं राहून उत्तर द्यायला लागायचं म्हणून मी शाळाच सोडली. म्हटलं, असं काम धरू जिथे समोरचा काही विचारणार नाही. मिळालं! समोरचा विचारत नाही, श्वासही घेत नाही. पण त्याच्या आजूबाजूला जी माणसं असतात ना...

तर आमच्याकडे पुतळे दोन. एक जुना, त्याला मी आजोबा म्हणतो. हातपाय नाहीत, नुसतं डोकं आणि धड, पण सगळं कॉलेज त्या धडावर शिकलंय. त्याच्या छातीत एक स्प्रिंग आहे आणि एक पत्र्याची पट्टी. छाती पुरेशी खोल दाबली की पट्टी वाजते... टक्. टक् झालं की पेशंट वाचला, नाही झालं की गेला. एवढाच हिशेब. ती स्प्रिंग मी एका मोडक्या खुर्चीतून काढून बसवलीय. त्याची फुप्फुसं म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, त्या मी बदलतो. गालाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे, ते मीच लावलंय. ओठ रोज स्पिरिटनं पुसतो, कारण पोरी लिपस्टिक लावून श्वास द्यायला येतात आणि संध्याकाळपर्यंत आजोबा लग्नाला निघाल्यासारखे दिसतात.

आणि सुई टोचायचा तो वेगळा रबरी हात. त्याच्यात लाल रंगाचं पाणी भरायचं असतं, रक्त म्हणून. एकदा रंग संपला. मला सांगायचं की नाही? नाही सांगितलं. एका शहाणीनं कँटीनमधून लाल सरबत आणून भरलं. गोड, घट्ट, साखरेचं! दुसऱ्या दिवशी हाताला मुंग्या. म्हणजे आपण म्हणतो तशा मुंग्या नाहीत, खऱ्या, रांगेनं शिरेत शिरणाऱ्या. आणि ती मला म्हणते, "दादा, तुमच्या हाताला मुंग्या आल्यात." माझ्या हाताला? शिरा उकलून, धुऊन, वाळत घालता घालता माझा दिवस गेला. वर एक पैलवान आहे त्या वर्गात, व्यायामशाळेतून थेट येतो, तो छाती दाबत नाही, विहीर खणतो. आजोबांच्या तीन फासळ्या घालवल्या आणि विचारतो, "दादा, पेशंट वाचला ना?" वाचला रे बाबा, वाचला, फक्त आता त्याला उभ्या जन्मात शिंकता येणार नाही! जिवंत माणूस परवडला.

आणि दुसरा पुतळा... जावईबापू. नवाकोरा. हात आहेत, पाय आहेत, पापण्या मिटतात, गोरापान चेहरा, आणि मुख्य म्हणजे बोलतो. पोटात आवाजाची पेटी आहे. छाती कमी दाबली की पुरुषी आवाजात म्हणतो, "आणखी जोरात दाबा." बरोबर दाबली की, "छान. असंच चालू ठेवा." आणि श्वास द्यायची वेळ झाली की, "थांबा." आला त्या दिवशी कंपनीच्या माणसानं एकदा त्याला बोलतं करून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मोठ्या बाईंनी पुतळा काचेच्या कपाटात घातला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. किल्ली त्यांच्या पर्समध्ये. कपाटावर पाटी, "हात लावू नये". अंगावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मुलांनी विचारलं, आम्ही यावर कधी शिकायचं? तर बाई म्हणाल्या, "खराब झाला म्हणजे?" म्हणजे शिकायला आणलेला पुतळा शिकायला द्यायचा नाही, कारण दिला तर वापरला जाईल! म्हणून मी त्याला जावईबापू म्हणतो. यायचं, बसायचं, काम सांगायचं नाही, आणि घरच्या म्हाताऱ्यानं राबायचं.

मी हे बाईंना बोललो का? मी? मनातल्या मनात रोज बोललो. फार कडक बोललो.

तर झालं काय, तपासणी लागली. वरून साहेब येणार, सगळे विभाग बघणार. बाईंनी मला बोलावलं आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसायला सांगितलं. म्हणाल्या, तपासणी नीट पार पडू दे, तुला पक्कं करा म्हणून मी वर लिहून पाठवलंय, साहेबांनी हो म्हटलं की झालं. पक्कं! मी आल्यापासून तात्पुरता आहे. दर सुट्टीनंतर दारावरचा शिपाई विचारतो, "तू आहेस का अजून?" आणि मलाच माहीत नसतं. घरी सांगितलं तर आईनं तेवढ्यात काकूंना सांगितलं, काकूंनी गल्लीला सांगितलं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

सकाळी बाईंनी कपाट उघडलं, प्लास्टिक काढलं, मी बटण दाबलं... काही नाही. परत दाबलं. काही नाही. पाठीचं झाकण उघडलं तर आतल्या बॅटऱ्या फुटून हिरवट राडा झालेला, तारा खाल्लेल्या, पेटी गेली, छातीची पट्टी गंजून चिकटलेली. जावईबापू कपाटात बसल्या बसल्या वारले होते.

बाई म्हणाल्या, "असं कसं झालं? याला तर कुणी हातसुद्धा लावला नव्हता."

बाई, म्हणूनच! हे मी म्हणालो. मनात.

साहेब तर फाटकात आलेले. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आजोबांकडे बघितलं, आणि मला त्या नजरेतच कळलं की आता म्हाताऱ्याचं काही खरं नाही. "याची छाती त्याच्यात बसेल?" बसवली. तुम्हाला सांगतो, घाम गळत होता, स्प्रिंग हातातून निसटून खिडकीवर आपटली, शोधून आणली, आजोबांची पट्टी, आजोबांची पिशवी, सगळं त्या गोऱ्यापान कातडीत कोंबलं आणि वरून जावईबापूंचं तोंड. दाबून बघितलं... टक्. खणखणीत! मला बरं वाटलं, खोटं का बोलू. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि आवाज?"

मी म्हटलं, आवाज गेला, बाई.

बाई म्हणाल्या, "तुझा आहे ना?"

माझा! जो माणूस दुकानात सुट्टे मागायला लाजतो, त्याचा! मी मान हलवत होतो, नाही नाही म्हणून, आणि बाई मला ढकलत होत्या, खाटेच्या पडद्यामागे, आणि कानात सांगत होत्या की तीनच तर वाक्यं आहेत, टक् ऐकू आलं की "छान" म्हणायचं, नाही आलं की "जोरात" म्हणायचं, यात लाजण्यासारखं काय आहे, तू कुणाला दिसणारच नाहीस. आणि काय सांगू, ते मात्र पटलं. मी पडद्यामागे उकिडवा बसलो, मनात घोकत, टक्, छान... टक्, छान...

साहेब आले. जाडजूड, आपल्यालाच सगळं येतं अशा चालीचे. म्हणाले, मी स्वतः करून बघणार. जमिनीवर गुडघे टेकले, छाती दाबली. टक् नाही. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "आणखी जोरात दाबा." साहेबांनी दाबली! अहो, माझं ऐकलं! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं, आणि तेही साहेब! टक्. "छान. असंच चालू ठेवा." टक्. "छान. असंच चालू ठेवा." माझा आवाज असा काही लागला, म्हणता सोय नाही. साहेब हाशहुश करत थांबले आणि म्हणाले, "वा. किती स्पष्ट बोलतो हो."

इथे बाईंनी गप्प बसायचं की नाही? नाही. बाई खुलल्या. म्हणाल्या, "रोज वापरतात मुलं, साहेब. पण आल्यापासून एकदाही बिघडलेला नाही."

मी पडद्यामागे गार.

साहेब म्हणाले, "एकदाही नाही? मग तो दुरुस्तीचा माणूस पक्का करा म्हणून कशाला मागताय तुम्ही?"

मी मनात म्हटलं, आता बोला बाई, अहो बोला, माझं घर आहे, माझी आई आहे, आईच्या शेजारच्या काकू आहेत! बाई पुतळ्यासारख्या उभ्या. आता मी बाहेर यावं? आलो तर पुतळ्याचा आवाज पडद्यातून चालत बाहेर आला असं होईल, मग बाईही गेल्या आणि मीही गेलो. न यावं तर मी एकटा गेलो. आणि मला आठवलं, "थांबा"! ते तर माझ्या तीन वाक्यांतलंच आहे! पुतळा "थांबा" म्हणाला तर कुणाला संशय येणार? मी श्वास घेतला, छाती भरली, तोंड उघडलं...

साहेब म्हणत होते, "मग मी ही जागा रद्द करा म्हणून लिहितो," आणि असं म्हणत म्हणत ते गुडघ्यांवरून उठायला लागले. आणि उठताना आधार कशाचा घेतला? छातीचा. सगळा भार. आजोबांची स्प्रिंग ती, माझ्या हातची, चुकेल कशी?

टक्.

"छान. असंच चालू ठेवा."

माझ्याच तोंडून! खणखणीत! साहेब इतके हसले, म्हणाले, "बघा, यालासुद्धा पटलं."

तर आता असं आहे. साहेबांना पुतळा आवडला म्हणून तो परत काचेच्या कपाटात, म्हणजे आजोबांची छाती जावईबापूंच्या तोंडाखाली कुलपात, पाटी तीच. टेबलावर जावईबापूंचा मेलेला कोथळा आजोबांच्या फाटक्या कातडीत, आणि परीक्षा जवळ आली म्हणून पैलवान त्यावर विहीर खणतोय आणि मला विचारतोय, "दादा, याचं टक् का होत नाही?" जागा रद्द झाली, पण मोडलेलं कुणीतरी जोडायला हवं, म्हणून मी आहे. तात्पुरता. आई काकूंपासून तोंड लपवतेय. जिवंत माणूस परवडला म्हणत होतो ना मी? नाही परवडत. अजिबात नाही परवडत.

बाईंना वाईट वाटलंय, नाही असं नाही. काल माझ्या कोपऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माफी मागतात. म्हणाल्या, "साहेब पुढच्या वर्षी परत येणार आहेत. थंड काही पिऊ नकोस."

कालपासून कोमट पाणी पितोय.