तिसरी कैची

(खंडेनवमीची दुपार. म्हसरूळला जीवनचं पत्र्याचं वर्कशॉप. हत्यारं पाटावर मांडून त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या. जीवनची मोठी बहीण सुवर्णा इंदिरानगरहून नुकतीच येऊन दारात उभी. वडील, आण्णा, बाजारात गेलेले.)

सुवर्णा : आणि हे कोणाच्या डोक्यावर टांगलंयस?

जीवन : ताई, आधी पाणी तरी पी.

सुवर्णा : पाणी बाहेर पिते. तूही बाहेर ये.

जीवन : अगं, आण्णांचं जुनं इंजिन आहे, विहिरीवरचं. घासूनपुसून रंग दिला. काल ते नांदगावला गेले होते, तेवढ्यात वजन उचलायचा चेन ब्लॉक बसवला आणि चढवलं वर. आत्ता फुलं विकून येतील, तर संध्याकाळी आरतीला एकदम दाखवायचं. कसं दिसतंय?

सुवर्णा : जड दिसतंय. किती किलो?

जीवन : असेल दोनशे. फार तर सव्वादोनशे.

सुवर्णा : आणि त्याच्या बरोबर खाली हा पाट कोणासाठी?

जीवन : आण्णांसाठी. पूजेला तेच बसणार ना. बायका सतरंजीवर. शेजारच्या मालनबाई तर चारलाच येऊन बसतील, प्रसाद संपायच्या आत.

सुवर्णा : जीवन, मी कंपनीत दिवसभर काय करते?

जीवन : क्रेन तपासतेस.

सुवर्णा : बारा वर्षं झाली. एक फोन करायला काय झालं होतं?

जीवन : फोन केला असता तर नाही म्हणाली असतीस.

सुवर्णा : म्हणून केला नाहीस.

जीवन : म्हणूनच. आणि तू बघ तरी, चेन ब्लॉकवर चक्क 'एक टन' लिहिलंय.

सुवर्णा : ते ब्लॉकवर लिहिलंय. ज्या पाईपला तो अडकवलास, त्याच्यावर काय लिहिलंय?

जीवन : शुभ लाभ.

सुवर्णा : जीवन.

जीवन : खरंच लिहिलंय, बघ ना. आईच्या हातचं आहे. आणि मी काही तसाच गप्प नाही बसलो, स्वतः लोंबकळून बघितलं.

सुवर्णा : तू सत्तर किलो, तेही जेवून. ही छपराची कैची नुसते पत्रे पेलायला केलेली आहे. पत्र्याचं वजन सगळीकडे वाटलं जातं. तू सगळा भार एका पाईपच्या पोटात, तोही मधोमध दिलास. उद्या यावर काय काय उचलणार होतास?

जीवन : चांदवडचा शेखर ट्रॅक्टर घेऊन येतोय अकराला. त्याचं इंजिन काढायचंय.

सुवर्णा : म्हणजे अजून दुप्पट.

जीवन : मग करू काय? फेब्रुवारीत कंबर धरली तेव्हा तूच म्हणालीस, हाताने उचलू नकोस.

सुवर्णा : कंबर सांभाळ म्हणाले होते. त्यासाठी डोकं पुढे कर असं नव्हते म्हणाले. दोन्ही बाजूंना खांब उभे कर, पाया नीट भर, वर आडवा गर्डर टाक आणि त्याला ब्लॉक अडकव. सगळा भार जमिनीत जातो, छपराला कळतसुद्धा नाही. गर्डर किती जाडीचा ते आमच्या डिझाइनच्या साहेबांकडून काढून देते. आत्ता आधी हे खाली घे.

जीवन : आत्ता? आज नवमी आहे, ताई. चेनलाही हळदकुंकू लावून धागा बांधलाय. आज हत्याराला हात लावायचा नाही. मी लहानपणी सायकलला पाना लावला होता तर आण्णा दोन दिवस बोलले नव्हते.

सुवर्णा : दोन दिवस नाही बोलले तर मी बोलेन तुझ्याशी.

जीवन : नुसतं तेवढंच नाही गं. ही शेड त्यांनी एकट्याने उभी केलीय. अख्खं गाव 'गेणू मिस्तरीची शेड' म्हणतं. त्यांना कोण सांगणार की तुमच्या कामावर आमचा भरवसा नाही? तू सांगशील?

सुवर्णा : सांगते ना.

जीवन : सांग मग. ते बघ आले.

आण्णा : सुवर्णे, कव्हा आली? उनात काय उभे ऱ्हायले दोघं? ही टोपली धर. झेंडू लय उठला आज, एवढाच ऱ्हायला.

सुवर्णा : आण्णा, आत जाऊ नका.

आण्णा : का? साप निघाला का?

जीवन : नाही हो. ती सगळं उघड करायला निघालीय, म्हणून. आता दारातूनच बघा. वर.

आण्णा : अरे. हे आपलं इंजिन.

जीवन : हो.

आण्णा : विहिरीवरचं. याच्यावर तुम्हा दोघांचं शिक्षण झालं. म्या भंगारात दे म्हणलो होतो तुला.

जीवन : नाही दिलं.

आण्णा : रंग पण तोच दिला रं, हिरवा. लय झ्याक.

सुवर्णा : आण्णा, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. राग मानू नका. तुमचं काम चांगलंच आहे, पण कैची ही...

आण्णा : थांब. जीवन, ही दारापासून कितवी कैची?

जीवन : तिसरी. का?

आण्णा : तिसरीलाच का टांगलं?

जीवन : मधोमध येते म्हणून. शोभतं.

आण्णा : चेन बांधताना रंगाचा पापुद्रा निघाला का कुठं?

जीवन : थोडा. काय झालं, आण्णा?

आण्णा : काय नाय. पाट आधी हालवा तिथून. नाय, तू नको जाऊ. कोणीच जाऊ नका.

सुवर्णा : आण्णा, सांगा तरी.

आण्णा : काय सांगू पोरी. तव्हा लोडशेडिंग लय. तिसऱ्या कैचीला म्या नुसते टाके मारले आन् लाईट गेली. पूर्ण वेल्डिंग व्हायचं ऱ्हायलं. दुसऱ्या दिवशी कैच्या चढवायला गल्लीतले दहा गडी आले होते. त्यांना परत पाठवायची लाज वाटली. म्हणलं, चढवू आन् वर गेल्यावर पुरं करू. मग वास्तुशांत आली, तुमची आई म्हणली रंग द्या. दिला. टाके रंगाखाली गेले.

जीवन : आणि वीस वर्षं?

आण्णा : पत्रा पेलला तिनं. वळवाचं वारं सुटलं की म्या इथं येऊन बसायचो, तुम्हाला वाटायचं हत्यारांची राखण करतो. म्या त्या सांध्याकडं बघत बसायचो. मिस्तरी म्हणत होते ना लोक. कोणत्या तोंडानं सांगू?

सुवर्णा : आण्णा, वेल्डिंग पूर्ण असतं तरी तिथे इंजिन टांगायचं नव्हतं. ही चूक जीवनची आहे.

जीवन : मान्य. अगदी मान्य.

आण्णा : त्याची अर्धी, माझी अर्धी. मालनबाई यायच्या आत खाली घेऊ. ओढायच्या चेनचा कुंकवाचा धागा तोडतो म्या.

जीवन : आण्णा, आज नवमी. हत्याराला हात...

आण्णा : हत्यारांची माफी मागून ठेवतो. माणूस गेल्यावर त्याची मागता येत नाय. सुवर्णे, तू बोल कसं करायचं. आज तू मिस्तरी.

सुवर्णा : आधी बांबूने पाट बाजूला सारा आणि जुने टायर खाली सरकवा, लांबूनच. जीवन, तू दारात. कोणी आलं तर आत सोडायचं नाही. आण्णा, चेन मी ओढते, तुम्ही...

आण्णा : ती तेवढी म्याच ओढणार.

सुवर्णा : मग असे बाजूला या, कैचीखाली नको. सावकाश. झटका द्यायचा नाही. थोडं थांबा... हं, आता परत.

जीवन : टायरला टेकलं. टेकलं, आण्णा.

आण्णा : चेन ढिली होऊ दे. हं. जीवन, तो पाट इकडं आण. माळ बघ वाकडी झाली, सरळ कर. भुईवरच बरं दिसतंय इंजिन.

जीवन : शेखरला फोन करून सांगतो, भाड्याची क्रेन बघू म्हणून. आण्णा, गर्डरचं वेल्डिंग मीच करतो हं. तुमची नजर...

आण्णा : तूच कर. पण आधी तिसरी कैची पुरी करू, ती ऱ्हायली. म्या शेजारी खुर्ची टाकून बसतो.

सुवर्णा : आणि मध्येच लाईट गेली तर?

आण्णा : तर बसून ऱ्हायचं, यायची वाट बघत.