घमेल्याखालचा घेवडा

(मंगळवार पेठेतलं घर. परसदारी भाऊसो नात तेजस्वीच्या कुंडीपाशी बसलेत. मुलगी संयोगिता शूटिंगसाठी पुण्याला गेलेली, तिथून फोनवर.)

संयोगिता : आणि आबा, तेजूनं विचारलंच तर एवढंच सांगा, अजून उगवलं नाही.

भाऊसो : म्हातारपणी मला खोटं बोलायला लावू नगंस.

संयोगिता : मी तरी काय करू? शूटिंग वाढलंय. निघताना तिला सांगून बसले, तुझा घेवडा उगवला की आई आली. तेवढ्यात काम उरकेल असं वाटलं होतं.

भाऊसो : तसंबी खोटं बोलायची पाळी न्हाय आली. उगवलाच न्हाय अजून.

संयोगिता : अजून नाही? एव्हाना पानं फुटायला हवीत.

भाऊसो : तुझ्या टीव्हीवरल्या पोरांच्या कार्यक्रमात गाणं संपायच्या आत उगवतोय. टेबलाखालनं कोण कोंब वर ढकलतंय, मला ठावं हाय. हितं कोण ढकलणार? बी मी सोता बाजारातनं बघून आणलंतं. पर तुझी लेक कुंडीला हात लावू देईल तर शपथ. घट बसवलाय म्हणती.

संयोगिता : घट? कुंडीत?

भाऊसो : नवरात्रात तिला सांगितलंतं न्हवं, घट बसला की उठंपर्यंत हलवायचा न्हाय. तेच धरून बसलीया. वर घमेलं पालथं घातलंय. पाणी तीच घालणार, आमी लांबनं बघायचं.

संयोगिता : माझी आठवण काढते का?

भाऊसो : सकाळी टीव्हीपुढं बसती. तू त्या मातीमावशीच्या कपड्यात आलीस की शेजारच्या पोरांस्नी सांगती, ही माझी आई हाय. पोरं म्हणत्यात, हॅट, ही समद्यांची मावशी हाय. मग भांडत न्हाय बघ. उठून कुंडीपाशी येती. मला बघवत न्हाय गं ते.

संयोगिता : आबा, नका ना. आत्ता बोलावतील मला. हसत जायचंय कॅमेऱ्यापुढं.

भाऊसो : ऱ्हायलं. थांब, ती आंघोळीला गेलीया तवर घमेलं उचलून बघतो. बी कुजलं असंल तर गुमान दुसरं टाकतो... आरं तिच्या.

संयोगिता : काय झालं?

भाऊसो : उगवलाय की! पार वर आलाय. पर पिवळाधमक पडलाय, घटातल्या धानावानी. घमेल्याला डोकं लागून वाकलाय बिचारा.

संयोगिता : म्हणजे केव्हाच उगवलाय. मग पाणी घालताना तिला दिसला नाही?

तेजस्वी : आबा! घमेलं कशाला काढलासा?

भाऊसो : ये हिकडं. वल्लीच पळत आलीस व्हय? टॉवेल गुंडाळ नीट. हे उगवलंय, तुला ठावं हुतं?

तेजस्वी : झाका ते आधी. आईला सांगू नका.

भाऊसो : का गं बाळ?

तेजस्वी : उगवलं की आईला यायला लागतंय. तिचं काम संपलं न्हाय अजून. तुमीच आजीला सांगत हुतासा, मी ऐकलंय.

भाऊसो : म्हणून झाकून ठेवलंस?

तेजस्वी : त्याला मी सांगितलंय, आईचं काम झालं की वर ये. ऐकतच न्हाय.

भाऊसो : संयू... ऐकलंस न्हवं?

संयोगिता : फोन तिच्याकडं द्या आबा. तेजू...

तेजस्वी : आई, मी न्हाय, आबांनी उघडलं. तू काम कर. हे बघ, मी परत झाकलं.

संयोगिता : झाकून ठेवू नको राणी. त्याला ऊन पायजे. न्हायतर मरंल ते.

तेजस्वी : टीव्हीवर पण तू असंच सांगतीस.

संयोगिता : आता टीव्हीवरची मावशी बोलत न्हाय. आई बोलतीया. घमेलं बाजूला काढून ठेव.

तेजस्वी : मग तुला यायला लागंल की.

संयोगिता : व्हय. लागंल. आबा, आजचं काम उरकून मी सरळ गाडीत बसतो. सांगतो हितं, उद्या मी न्हाय म्हणून.

भाऊसो : आणि चिडले म्हंजे?

संयोगिता : चिडू देत. त्यांचा कोंब परवा पण वर ढकलता येतोय.

भाऊसो : ये. वाट बघतो. तेजू, उचल बाळ घमेलं. तूच उचल.

तेजस्वी : तुमी पण धरा आबा. हळू. त्याची मान दुखत असंल.