चंपा म्हणे आता

मंडळी, ऐका. आज देवाआधी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. आपले संत आयुष्यभर सांगत राहिले, ‘मी’ सोडा, ‘माझं’ सोडा. बरोबर? मग अभंगाच्या शेवटच्या चरणात स्वतःचं नाव कशाला घालून ठेवलं? अहंकार सुटला नव्हता की काय?

पुढे बसलेले दादा मान हलवतायत. हो म्हणतायत की डास हाकलतायत, ते कळेना. असू द्या. उत्तर मी देत नाही. चंपावती रेडीज देईल.

आमच्या खाडीच्या पलीकडे वाळणखेड म्हणून गाव. नकाशात शोधू नका, नकाशावाले आले तेव्हा गाव जेवायला गेलं होतं. तिथे चंपाताईंचा नवरा तरीवर होता. तर म्हणजे या काठाची माणसं त्या काठाला नेणारी होडी. होडीवर तो अनवाणीच जायचा, चपला घराच्या दारात काढून. एका श्रावणात खाडी फुगली आणि तिनं त्याला ठेवून घेतलं. होडी सापडली, माणूस नाही. चपला मात्र दारात होत्या. तशाच.

बाई रडली असेल, आपण बघायला नव्हतो. पण पुढे तिनं एक अभंग रचला, एवढं ठाऊक आहे.

तुझ्या चपलांची पुसते मी धूळ,
म्हणोत हे खूळ घरोघरी.

आणि शेवट असा –

चंपा म्हणे आता लावीत ना दार,
वारा येतो फार, येऊ दे ना.

ऐकलंत? रचना साधी. पण दार उघडं ठेवून झोपणाऱ्या बाईच्या घरात कोणता वारा येतो, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

आता गावात भजनी मंडळ, आणि मंडळाचा फोनवर ग्रुप. त्या ग्रुपवर टाकायच्या आधी चंपाताई अभंग घेऊन गेल्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष पुरुषोत्तमराव तोडणकर. माणूस वाईट नाही हो, फक्त अध्यक्ष होता. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, आणि बघितलं काय? शेवटच्या कडव्यातलं नाव. काही लोकांना कागद दिसला की आधी सही शोधायची सवय असते.

“वहिनी, हे ‘चंपा म्हणे’ कशाला? देवाच्या दारात आपलं नाव? अहंकार दिसतो.”

“मग काय घालू, भाऊजी?”

“दासी घाला. दासी म्हणे. नम्र वाटतं.”

वर काय लिहिलंय ते वाचलंच नाही. बाईनं ऐकलं. स्वतःला पुसलं, ‘दासी’ लिहिलं आणि ग्रुपवर सोडलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. वाचलं किती जणांनी? तेच. तुम्हीही हसू नका, सकाळी तुम्हीही हात जोडलेत.

पण कविता निघाली फिरायला. वाळणखेडहून चिपळूण, चिपळूणहून पुणे, पुण्याहून म्हणे दुबईला गेली. तिथं उंटावर बसली, खजूर खाल्ला, आणि परत आली तेव्हा मागे गुलाबाचं फूल, वर ‘शुभ सकाळ’. ‘दासी’ होती, पण दासी कुणाची, कुठली, ते कुणाला ठाऊक? दासीला पत्ता नसतो, मंडळी.

तुम्ही म्हणाल, बुवा थापा मारतो. मारतो. पण माझ्या थापेवर माझं नाव असतं.

फिरत फिरत ती आली पुरुषोत्तमरावांच्याच फोनवर. या वेळी त्यांनी वरपासून वाचली. डोळे भरून आले. खरंच आले, त्यात खोट नाही. उत्सवाची स्मरणिका छापायची होती, अध्यक्षांचं काहीतरी हवं होतं. बेवारस आहे, चांगली आहे, देवाचीच आहे. ‘पुसते’चं ‘पुसतो’ केलं, दासीला उठवलं आणि स्वतः बसले. पुरुषोत्तम म्हणे आता.

इकडे चंपाताईंनी आपल्या सगळ्या रचनांचं बारीकसं पुस्तक छापलं होतं. प्रकाशक कोण? त्याच. मुद्रितं तपासली कुणी? त्यांनीच. पहिल्या पानावर तो चपलांचा अभंग, पुन्हा ‘चंपा म्हणे’ घालून. उत्सवात, देवळातच प्रकाशन ठरलेलं. त्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी पुस्तक चाळलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“वहिनी, ही माझी कविता. स्मरणिकेत आलीय. एवढं पान काढा, बाकी पुस्तकाला माझी हरकत नाही. देवळात चोरीचा माल नको.”

चोरीचा! ज्या बाईनं तो अभंग दारात बसून रचला, तिला. विचार करा काय झालं असेल.

चंपाताई म्हणाल्या, “ते पान काढलं तर बाकीचं कुणासाठी छापलं मी?”

“पुरावा काय तुमच्याकडे?”

नव्हता. फोन बदलला होता, जुनं सगळं गेलं होतं. ग्रुपवर गुलाबाच्या फुलांखाली कुणी काही शोधायच्या भानगडीत पडेना. लोक कुजबुजायला लागले, बाईनं अध्यक्षांचं उचललं म्हणून.

दुपारी भजन बसलं. पहिला मान अध्यक्षांच्या अभंगाला. पखवाजावर धोंडू गुरव. सुरुवात झकास. शेवटच्या कडव्याला आले आणि धोंडूचा हात अडखळला. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळला.

“काय रे धोंडू?”

“राव, इथं जागा चंपाएवढीच आहे. तुम्ही मावत नाही. टाळवाल्यांना धावावं लागतंय.”

“हात सरावाचा नाही तुझा.”

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं पद्माकाकू, म्हणजे अध्यक्षांच्या सौभाग्यवती, शांतपणे म्हणाल्या, “अहो, एक विचारू? ‘चपलांची पुसतो मी धूळ.’ कुणाच्या चपला?”

पुरुषोत्तमराव स्मरणिकेची पानं उलटायला लागले.

“माझ्या तर नव्हेत. माझा अंगठा तुटलाय केव्हापासून, तो शिवून आणा म्हणून सांगते आहे.”

देऊळ हसलं. देवही हसला असेल, पण त्याच्या नाकात कापूर गेला होता म्हणून नीट कळलं नाही.

हसू थांबलं तेव्हा पुरुषोत्तमरावांनी चंपाताईंकडे बघितलं. “वहिनी, तुमचीच आहे ही. पण मग नाव का नाही घातलंत?”

“घातलं होतं. तुम्ही काढायला लावलंत, भाऊजी. अहंकार म्हणालात.”

आता कुणी हसलं नाही. अध्यक्ष उठले, स्मरणिकेचा गठ्ठा पुढ्यात ओढला, खिशातलं पेन काढलं आणि प्रत्येक प्रतीत स्वतःचं नाव खोडून हातानं ‘चंपा’ लिहायला बसले. संध्याकाळची आरती झाली तरी लिहीत होते. शेवटी पद्माकाकू शेजारी येऊन बसल्या आणि अर्धा गठ्ठा त्यांनी घेतला.

म्हणून सांगतो. संतांनी नाव घातलं ते मिरवायला नव्हे. हे मी बोललो, चुकलं असेल तर मला धरा, एवढ्यासाठी. नाव खाली लिहाल तर कापतील. आत विणा, म्हणजे उपटताना ठेका मोडेल. लिहिता ना? मग दोनच प्रती निघाल्या तरी छापा, तारीख घाला, एक गावच्या वाचनालयात ठेवा.

आणि जे लिहीत नाहीत, नुसतं पुढे ढकलतात, त्यांच्यासाठी, म्हणजे तुम्हा सगळ्यांसाठी. उद्या सकाळी फोनवर अशी एक कविता येईल, बिननावाची, डोळ्यांत पाणी आणणारी. आधी विचारा, कुणाची? उत्तर नाही मिळालं आणि पाठवल्यावाचून राहवेनाच, तर खाली एवढं लिहा: कुणाची ते ठाऊक नाही. माझी नव्हे.

‘माझी नव्हे’ म्हणायला जमलं की अहंकार सुटला समजा. घ्या टाळ.